मातीला पाणी किती?

बालदोस्तांनो, आज एक सोपं कोडं घालते. दगड पक्का की माती पक्की?

"दगड! हे काय विचारणं झालं?" असं तुम्ही लगेच ओरडाल. पण थांबा जरा. घाई नको.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तेव्हा तुमचा जन्मही झालेला नव्हता. पण तुम्ही लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यात राहत असाल तर आजी-आजोबांना विचारा, ते मिनिटामिनिटाचं सांगतील. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. दमूनभागून गावं झोपली होती. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारीच्या भागात जमीन हादरली. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या दगडी भिंतींखाली आणि छताखाली सापडली. भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड होत्या. पण ओबडधोबड गोटे नुसते मातीत बसवलेले, एकमेकांत न गुंतलेले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर नवी माती टाकायची पद्धत होती. असं करता करता काही घरांवर फूट-दोन फूट मातीचा थर झाला होता.

आता कोड्याचा दुसरा अर्धा भाग ऐका. याच परिसरात तेरणा नदीवर माकणीला एक धरण आहे. निम्न तेरणा असं त्याचं सरकारी नाव. ते धरण मातीचं आहे! भूकंपात ते फुटलं नाही. आजही त्यात पाणी साठतं.

मग माती पक्की ठरली का? तर तसंही नाही. माळवदावरची मातीसुद्धा मातीच होती, आणि तिनेच घात केला. फरक इतकाच की छतावर ती नुसती ओतलेली, डोक्यावर साचलेली होती. आणि धरणात ती रुंद पायावर, उतरत्या बाजूंनी, थरावर थर देऊन दाबलेली असते. ओतलेली माती आणि दाबलेली माती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाबण्याच्या या कामाला आपल्याकडचे इंजिनिअर 'दबाई' म्हणतात. ऐकायला किती साधं! माती टाकायची, रोलर फिरवायचा, झालं. पण यात एक गंमत आहे, आणि ती तुमच्या शेतकरी आजोबांना इंजिनिअरांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

खळं कसं करतात?

तुमच्यापैकी किती जणांनी ज्वारीचं खळं पाहिलंय? आता मळणीयंत्र आल्यापासून खळी कमी झाली. पण पूर्वी सुगी आली की शेतात एक गोल जागा धरायचे. ती खणून, ढेकळं फोडून सारखी करायचे. मग तीवर पाणी शिंपडायचं. मधोमध तिवडा, म्हणजे एक खांब रोवायचा आणि त्याभोवती बैल गोल गोल फिरवायचे. बैलांच्या खुरांनी माती अशी काही बसायची की वर शेणकाल्याचं सारवण केलं की ज्वारीचा एक दाणा मातीत जायचा नाही.

यातली खरी गोम पाण्यात आहे. पाणी शिंपडलं की लगेच बैल घालत नाहीत. घातले तर काय होईल? चिखल! खुरं रुतणार, माती वर येणार. आणि फारच उशीर केला तर माती पुन्हा वाळणार, भुगा होणार, बसणार नाही. मधली एक वेळ असते. मूठभर माती हातात घेऊन दाबली तर तिचा लाडू होतो, पण तळव्याला चिकटत नाही. पेरणीच्या आणि कुळवणीच्या वेळी अशाच मधल्या ओलीला आपण 'वापसा' म्हणतो. "वापसा आला का रं?" असं बांधावरून विचारलेलं तुम्ही ऐकलं असेलच.

आईला भाकरी करताना पाहा, म्हणजे आणखी पटेल. पीठ कोरडं राहिलं तर भाकरी थापताना कडेनं फाटते. पाणी जास्त झालं तर परातीला चिकटते. बरोबर पाणी पडलं तरच भाकरी गोल फिरते. प्रत्येक पिठाला पाणी सारखंच लागतं का? नाही! नव्या ज्वारीला वेगळं, जुन्या ज्वारीला वेगळं, बाजरीला आणखी वेगळं. मातीचंही अगदी तसंच असतं.

असं का होतं? मातीचे कण म्हणजे गच्च भरलेल्या एसटीतले प्रवासी समजा. कोरड्या मातीत कण एकमेकांना घासून अडतात. कंडक्टर कितीही ओरडला "पुढं सरका, पुढं सरका", तरी कुणी हलत नाही, आणि मधे रिकाम्या जागा राहतात. थोडं पाणी आलं की ते वंगणासारखं काम करतं. कण सरकतात, पोकळीतली हवा बाहेर पडते, माती दाट बसते. पण पाणी वाढतच गेलं तर? मग पाणीच जागा अडवून बसतं! हवा दाबून बाहेर काढता येते, पण पाणी काही दबत नाही. रोलर कितीही जड आणा.

एक इंजिनिअर, एक डबा, एक हातोडा

शेतकऱ्याला हे मुठीनं कळत होतं. पण चाळीस-पन्नास मीटर उंचीचं धरण बांधायचं तर "लाडू होतोय, चालेल" एवढ्यावर कसं भागणार? मोजायला हवं. हे मोजण्याची सोपी रीत काढली ती राल्फ प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं.

प्रॉक्टर लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होते. या खात्यानं बांधलेलं सेंट फ्रान्सिस नावाचं काँक्रीटचं धरण मार्च १९२८ मध्ये मध्यरात्री फुटलं. चारशेहून जास्त माणसं वाहून गेली. त्यानंतर पाणी साठवायला त्याच खात्यानं बुके कॅनियन या ठिकाणी धरण बांधलं, ते मात्र मातीचं. विचार करा, आधीच्या धरणाची आठवण ताजी असताना आता मातीवर भरवसा ठेवायचा! लोक काय म्हणाले असतील? तेव्हा माती कशी दाबली म्हणजे पक्की झाली असं समजायचं, हे ठरवणं भागच होतं. १९३३ साली प्रॉक्टर यांनी आपली रीत चार लेखांत छापली. तेही एका साप्ताहिकातच, बरं का!

रीत अशी. एक ठरावीक मापाचा लोखंडी डबा घ्यायचा. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे तो १००० घनसेंटिमीटरचा, म्हणजे बरोबर एक लिटरचा असतो. त्यात ओलसर माती तीन थरांत भरायची. प्रत्येक थरावर २.६ किलोचा हातोडा ३१ सेंटिमीटर उंचीवरून २५ वेळा पाडायचा. वरची माती पट्टीनं सपाट करायची आणि वजन करायचं. मग पाणी थोडं वाढवून पुन्हा हेच. पुन्हा वाढवून पुन्हा. बस्स! आज जगभर धरणं, रस्ते आणि रेल्वेचे भराव याच चाचणीवर, नाहीतर तिच्याच जरा दणकट भावंडावर बेतलेले असतात. महाराष्ट्रात नाशिकला १९५९ पासून 'मेरी' नावाची सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. धरणांच्या माती-साहित्याची तपासणी हे तिचं एक मोठं काम.

तुम्हीही करून पाहा

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. चौथीपासून पुढच्या कुणालाही गणित जमेल. गावातल्या वेल्डिंगवाल्या काकांकडून चार इंच व्यासाच्या लोखंडी पाइपचा पाच इंच उंच तुकडा कापून घ्या आणि तळाला पत्रा लावून घ्या. त्यात जवळजवळ एक लिटर पाणी मावतं. भरून खात्री करा. हातोड्याऐवजी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता चालेल. उंची मोजायला फुटपट्टी. तराजू किराणा दुकानातला. बोटं मात्र सांभाळा, आणि माती आणायला मुरमाच्या किंवा पांढऱ्या मातीच्या खाणीत अजिबात उतरू नका. तिथल्या कडा अचानक ढासळतात. घराच्या बांधकामावर किंवा शेताच्या बांधावर हवी तेवढी माती मिळते.

माती सावलीत वाळवा, चाळा आणि अडीच किलो घ्या. तीत १०० मिलिलिटर पाणी घातलं की झालं ४ टक्के. आणखी १०० घातलं की ८ टक्के. दर वेळी नीट कालवा, तीन थरांत ठोका, सपाट करा, वजन घ्या, डब्याचं वजन वजा करा. तिसरा थर ठोकताना माती सांडू नये म्हणून काठाभोवती जाड पुठ्ठ्याची पट्टी बांधली तर बरं.

आता खरं गणित. डब्यातल्या वजनात माती आणि पाणी दोन्ही आहेत. आपल्याला हवी आहे नुसती माती. समजा, १० टक्के पाण्याला डब्यातल्या ओल्या मातीचं वजन १९८० ग्रॅम भरलं. त्याला १.१० नं भागा. कोरडी माती १८०० ग्रॅम. १४ टक्क्यांना वजन आलं २१०९. भागिले १.१४, म्हणजे १८५०. छान, माती वाढली! १८ टक्क्यांना समजा २०६५ आलं. भागिले १.१८, म्हणजे १७५०.

पाहिलंत का कसा चकवा आहे? १८ टक्क्यांचा डबा १० टक्क्यांच्या डब्यापेक्षा ८५ ग्रॅमनं जड आहे. पण त्यात माती मात्र ५० ग्रॅमनं कमी आहे! नुसत्या वजनावर विसंबला असता तर फसला असता. तराजूवर जड दिसणारी वस्तू पाण्यानं जड आहे की मालानं, हे बाजारातसुद्धा विचारावं लागतं, नाही का?

हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडा. आडव्या रेषेवर पाणी, उभ्या रेषेवर कोरड्या मातीचं वजन. एक छोटी टेकडी तयार होईल. टेकडीच्या माथ्याखाली जेवढं पाणी, तेवढं त्या मातीला योग्य. आजोबांचा वापसा आता आकड्यात आला.

काळी आणि तांबडी

आता खरी मजा येईल ती दोन वेगळ्या मात्या घेतल्या तर. आपल्या नांदेड-लातूरकडे काळी माती तर दारातच आहे. पण उदगीरहून बीदरच्या दिशेनं एसटीनं निघा आणि खिडकीबाहेर पाहा. जमिनीचा रंग हळूहळू बदलतो. बीदरच्या पठारावर तर ती पार तांबडी होते. हा जांभा. काळ्या कातळाचं म्हणजे बेसॉल्टचं वरचं अंग उष्ण, पावसाळी हवेत लाखो वर्षं कुजत-झिजत राहिलं. त्यातलं सिलिका पाण्यानं धुऊन नेलं. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं, म्हणून रंग तांबडा. बीदरचा किल्ला याच जांभ्यावर उभा आहे. कोकणात घरांना लागतो तो चिरा म्हणजेही जांभाच, आणि पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभ्याचीच टोपी. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की कापता येतो आणि उन्हा-वाऱ्यात राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी केरळात हे पाहिलं आणि १८०७ मध्ये त्याला नाव दिलं लॅटेराइट. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट.

प्रयोगात या दोघी किती वेगळ्या वागतात पाहा. जांभ्याच्या मुरमाड मातीला पाणी कमी लागतं, बरेचदा १० ते १५ टक्क्यांच्या आसपास, आणि ती दाट बसते. काळीला पाणी खूप लागतं, वीस टक्क्यांच्या पुढे, आणि तरीही त्याच डब्यात ती कमीच मावते. तुमच्या डब्यातही काळीची टेकडी जांभ्याच्या टेकडीच्या उजवीकडे आणि ठेंगणी आली पाहिजे.

पण जांभ्याची एक खोड आहे. तिनं भल्याभल्या इंजिनिअरांना चकवलंय. या मातीतले बारीक कण लोहाच्या गंजानं एकमेकांना चिकटून छोट्या गोळ्या झालेले असतात. बत्ता मारला की गोळ्या फुटतात. म्हणून तीच तीच माती पुन्हा पुन्हा ठोकली तर दर वेळी ती वेगळीच माती होते! तेव्हा जांभ्याच्या प्रयोगात दर वेळी ताजी माती घ्यायची. दुसरी खोड उलटी. भट्टीत कडक वाळवली तर या गोळ्या इतक्या पक्क्या होतात की नंतर पाण्यातही सुटत नाहीत. म्हणजे वाळवण्याआधी चिकणी वाटणारी माती वाळवल्यानंतर रेताड वाटते. थंड देशांतल्या मातीवर बसवलेले नियम आपल्या आणि आफ्रिकेतल्या मातीला जसेच्या तसे लावून चालत नाहीत, ते यामुळे. माती कशी वाळवली हेही वहीत लिहायला लागतं.

आणि आपली काळी? तिची खोड तर तुमच्या घरानंच तुम्हाला दाखवली असेल. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा. पावसाळ्यात त्या मिटतात आणि जमीन फुगते. मग दाराची चौकट हलते, दार नीट लागत नाही, भिंतीला तिरकी चीर पडते. हे काही भूताचं काम नव्हे! काळीतले बारीक कण पोथीच्या सुट्या पानांसारखे असतात. पाणी पानापानांमध्ये शिरतं आणि पोथी फुगते. जांभ्यातल्या कणांचीही पानंच असतात, पण ती घट्ट चिकटलेली. पाणी आत शिरत नाही, म्हणून जांभा फारसा फुगत नाही.

आता एक उलटं सत्य सांगते. काळी माती फार कोरडी असताना खूप ठोकली तर ती नंतर जास्त फुगते! दाट बसलेली, तहानलेली पानं. पहिला पाऊस आला की पाणी ओढून उसळतात. म्हणून शहाणा इंजिनिअर काळीला जरा जास्त ओलीवर आणि थोड्या हलक्या हातानं दाबतो. 'जास्त मारलं म्हणजे जास्त पक्कं' हा हिशोब काळीला लागू नाही. (मुलांनाही नाही, असं आम्ही शिक्षक आता मानतो!)

काळीला आवरायचं कसं?

हा प्रश्न कालवे काढताना फार सतावतो. काळ्या रानातून कालवा खणायचा, त्याला काँक्रीटचं अस्तर लावायचं. पाणी सोडलं की खालची काळी फुगते आणि अस्तराला उखडून टाकते. दुरुस्ती करा, पुन्हा तेच. कालवा फुटला की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. वर्षभराच्या पिकाचा प्रश्न असतो तो.

मुंबईच्या पवईतल्या आयआयटीमध्ये प्रा. आर. के. कट्टी या प्रश्नाच्या मागे अनेक वर्षं लागले होते. त्यांनी प्रयोग करकरून दाखवलं की काळीच्या आणि अस्तराच्या मधे चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर जाडीचा थर नीट दाबून बसवला, तर काळी बरीच शांत राहते. असा थर नुसत्या वजनानं काळीला दाबतो असं नाही. तेवढ्याच वजनाची वाळू टाकली तर तितकं काम होत नाही. थराचा चिकटपणाही कामी येतो, असं त्यांचं म्हणणं. कर्नाटकात मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ही रीत वापरली गेली आणि पुढे भारतीय मानकांतही आली. आणि चिकट पण न फुगणारी माती म्हणजे कोणती? आपला तांबडा मुरूम, जांभ्याची माती! म्हणजे एका मातीचं औषध दुसरी माती. दुसरा उपाय चुन्याचा. काळीत थोडा चुना मिसळला की तिची पानं एकमेकांना धरून बसतात आणि फुगणं कमी होतं. रस्त्याच्या कामात तो वापरतात.

पण औषध नीट चोळलं तरच लागू पडतं ना? मुरूम नुसता ओतून उपयोग नाही. तोही थराथरानं, योग्य पाण्यावर दाबावा लागतो. थर साधारण वीत-दीड वीत जाडीचे. का? कारण रोलरचा जोर खोल जात नाही. एकदम दोन-तीन फूट भराव टाकून वरून रोलर फिरवला तर वरचं साय झाल्यासारखं दिसतं आणि खाली सगळं पोकळ. असे रस्ते पहिल्या पावसात खचतात. ते आपण सगळेच पाहतो, जास्त काय सांगू!

चिकणमातीला गुळगुळीत रोलर चालत नाही. तिच्यासाठी ज्याच्या रुळावर मेंढराच्या खुरांसारखे खुंट असतात असा 'शीपफूट' रोलर लागतो. तो आधी खालची माती दाबतो आणि मग हळूहळू वर येतो. मेंढ्यांचा कळप रस्त्यावरून गेल्यावर माती कशी घट्ट बसली हे पाहून अमेरिकेत तो सुचला, असं सांगतात. खळ्यातले बैल तरी दुसरं काय करत होते?

जिथे रोलर पोचत नाही तिथे धुम्मस. म्हणजे दांड्याला लावलेला जड ठोकळा, हातानं उचलून आपटायचा. भिंतीच्या कडेला, पायाच्या चरात, नळाच्या बाजूला. हेच कोपरे सगळ्यात नाजूक असतात. काम कंटाळवाणं, म्हणून तिथेच चालढकल होते.

मातीच्या धरणाला असा नाजूकपणा किती महागात पडतो, हे पुण्यानं पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्याचं काम पुरं व्हायच्या आधीच पावसाळ्यात पाणी भरू लागलं. बांधाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी नेलेली मोरी भक्कम नव्हती. ती ढासळू लागली तसा तिच्यावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पण सकाळी पाणी बांधावरून गेलं, आणि एकदा मातीवरून पाणी वाहू लागलं की ती थांबत नाही. खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्यात गेल्या. माती वाईट होती म्हणून हे झालं नाही. बांधाच्या आत तिला टेकायला जागा राहिली नाही. याउलट गोदावरीवरचं पैठणचं जायकवाडी धरण बघा. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा, बहुतांशी मातीचाच बांध. १९७६ पासून नाथसागर अडवून उभा आहे.

रस्त्यावरचं गोल भोक

सध्या आपल्याकडे रस्त्यांची कामं जागोजागी चालू असतात. शाळेत जाता-येता लांबून बघा. टँकर भरावावर पाणी शिंपडून जातो आणि रोलर मात्र नुसता उभा. ड्रायव्हर झाडाखाली बसलेला. "कामचुकार!" असं लगेच म्हणू नका. तो वापसा यायची वाट बघत असेल. चिकणमातीत पाणी मुरायला तर रात्रसुद्धा जाऊ द्यावी लागते.

मग रोलर आठ-दहा फेऱ्या मारतो. त्यानंतर एक माणूस येतो. तो पक्क्या झालेल्या थरात पेल्याएवढं किंवा तांब्याएवढं गोल भोक पाडतो. निघालेली सगळी माती जपून पिशवीत भरतो. मग त्या भोकात एका भांड्यातून कोरडी, एकसारखी वाळू सोडतो. किती वाळू मावली यावरून भोकाचं आकारमान कळतं. पिशवीतल्या मातीचं वजन करतात, पाणी किती ते काढतात, आणि तुम्ही केला तसाच भागाकार करतात. डब्यातल्या टेकडीच्या माथ्याशी हा आकडा ताडून बघायचा. रस्त्याच्या भरावाला निदान ९५ टक्के आणि डांबराच्या थरांखालच्या शेवटच्या मातीला ९७ टक्के यायला हवं. कमी आलं तर तो थर उकरून पुन्हा.

आणखी एक परीक्षा असते. दाबलेल्या मातीचा डबा चार दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. म्हणजे आपला पावसाळाच समजा! मग दोन इंची लोखंडी दांडा तीत हळूहळू खुपसतात आणि किती जोर लागला ते पाहतात. चांगल्या खडीला १०० गुण धरले तर काळी माती बिचारी दोन-तीन गुणांवर थांबते. जांभ्याचा चांगला मुरूम २० च्या पुढेही जातो. म्हणून काळ्या रानातल्या रस्त्याला पोटात मुरुमाचा जाड थर द्यावा लागतो आणि तो रस्ता महाग पडतो. मुरूम लांबून आणायचा तर डिझेल किती जातं, याचं गणित तुमच्या सरांना विचारा.

तर मग कधी लागताय कामाला? तुमच्या गावातल्या दोन वेगळ्या मात्या घ्या. एक रानातली आणि एक माळावरची. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर वेगळ्या रंगांनी काढा. काढण्याआधी मात्र एक करा. घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हातात ती ओलवलेली माती द्या आणि विचारा, "आता वापसा आहे का?" त्यांनी "हां, आता आहे" म्हटलं की त्या क्षणी पाणी किती टक्के होतं ते वहीत लिहून ठेवा, आणि मग बघा टेकडीचा माथा कुठे येतो ते.